कापरेकरांच्या पुस्तिका आणि ६१७४: शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. ठरावीक वजाबाकी पुन्हापुन्हा केली की शेवटी येणारी ६१७४ ही स्थिर संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते, पण महाराष्ट्रात गणिताच्या मंडळींबाहेर त्यांचे नाव फारसे निघत नाही. आम्ही पुतळा किंवा पुरस्कार मागत नाही. दोनच कामे मागतो, दोन्ही आपल्या खात्याच्या आवाक्यातली.

आधी कारण. कापरेकर आपले शोध पदरमोड करून छापलेल्या छोट्या पुस्तिकांत मांडत. असे साहित्य ग्रंथालयात टिकत नाही, सूचीत येत नाही आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. ६१७४ चा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत सांगितला, १९५५ मध्ये तो 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या गणिती नियतकालिकात छापूनही आला. तरी बोलबाला झाला तो गणितातल्या कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यावर. स्वयंभू संख्यांचे तर अर्धे नावच गेले. ३९ मध्ये तिचे अंक मिळवले की ५१ येतात. अशा बेरजेने कोणत्याच संख्येतून न निघणारी संख्या ती स्वयंभू, जसे २०, ३१, ४२. त्यावरची कापरेकरांची पुस्तिका १९६३ ची, देवळालीचीच. पुढे १९७४ मध्ये कोलंबियाचे बर्नार्डो रेकमान यांनी याच संख्यांचा प्रश्न अमेरिकी मासिकात मांडला आणि आज त्यांना 'कोलंबियन संख्या' असेही म्हणतात.

विद्यापीठीय गणितज्ञांना हे काम अंकांचा खेळ वाटले. ते अगदीच चूक नव्हते. यातले बरेचसे दशमान लेखनावर अवलंबून आहे, त्यामागे मोठा सिद्धांत नाही. पण म्हणूनच ते शाळेत फार शोभते.

पहिली मागणी: पाचवीच्या गणितात ६१७४ हा कृतिपाठ म्हणून यावा, चौकटीतली 'माहीत आहे का?' म्हणून नव्हे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त ७ वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. हातच्याच्या वजाबाकीचा इतका सराव मुले आपणहून करतात.

घोळ होतो तो शून्याने. १००० घेतले तर १००० − ०००१ = ०९९९. मुलाने ९९९ लिहिले की पुढचे उत्तर ० आणि सगळा खेळ बसला. ०९९९ लिहिले तर ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. म्हणून वहीत चार घरे आखून दिलीच पाहिजेत. तीन अंकांना ४९५ येते. दोन अंकांना स्थिर संख्याच नाही: ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र फिरत राहते (इथेही ९ म्हणजे ०९). पाच अंकांतही चक्रेच. शिक्षक हस्तपुस्तिकेत हे नसेल तर फळ्यासमोर शिक्षकाचीच पंचाईत.

नववीत याच कृतीतून सिद्धता देता येते. उतरते अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) एवढीच. अ − ड १ ते ९, आणि ब − क त्याहून मोठे नाही. म्हणजे (०००१ सारख्या, शून्याने सुरू होणाऱ्याही धरून) ९,९९० संख्या पहिल्याच पायरीत ५४ उत्तरांवर येतात. ती वर्गात वाटून द्या; एका तासात संपूर्ण सिद्धता मुलांच्या हातून होते. यासाठी संगणक लागत नाही.

दुसरी मागणी: राज्यभरच्या ग्रंथालयांतून आणि खासगी संग्रहांतून त्यांच्या पुस्तिका गोळा करून, स्कॅन करून खुल्या कराव्यात. कापरेकर १९८६ मध्ये निवर्तले. कायद्याने लेखाधिकार २०४६ अखेरपर्यंत राहतो, तेव्हा वारसांची लेखी परवानगी आधी घ्यावी लागेल. २०४६ पर्यंत थांबलो तर जुना कागद थांबणार नाही. अक्षरओळख यंत्र ३ आणि ८ यांत, १ आणि ७ यांत गोंधळते. पण पुस्तिकांतल्या संख्यांच्या तक्त्यांतली प्रत्येक ओळ गणिताने पडताळता येते, त्यामुळे मुद्रितशोधन छोट्या प्रोग्रॅमवर सोपवता येईल. जिथे यंत्राचे आणि गणिताचे जुळणार नाही तिथेच माणसाने मूळ पान पाहावे, कारण चूक छापखान्याचीही असू शकते.

आपले,
गणिताचे काही शिक्षक