आधी वाच, मग विचार: वरच्या मजल्यावरच्या काकांना जाहीर आभारपत्र

डोंबिवली

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोरासमोर आभार मानू लागले की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. माझ्या टेबलावरचा चौदा वर्षांचा लॅपटॉप आज माझे रोजचे काम बिनतक्रार करतो आहे आणि ते कसे घडले, हे तुमच्याखेरीज आणखी काही जणांना कळावे अशी माझी इच्छा आहे.

हा थिंकपॅड एक्स२२० मूळचा माझ्या भावाचा. २०११ सालचे मॉडेल, चार जीबी रॅम, बॅटरी मेलेली. कीबोर्ड मात्र असा, की त्यावर टंकताना आजही हात सुखावतो, आणि खरे सांगायचे तर त्या कीबोर्डापायीच तो भंगारात गेला नव्हता. तुमच्याकडे येण्यापूर्वी मी त्यावर लिनक्स या विंडोजसारख्या संगणक-प्रणालीच्या दोन हलक्या आवृत्त्या चालवून पाहिल्या होत्या. त्या चालल्याही, पण काही अडले की कुणीतरी कुठेतरी दिलेली आज्ञा अर्थ न कळता चिकटवायची, याहून अधिक मला काही येत नव्हते. तुम्ही एवढेच विचारलेत की यावर काम काय करायचे आहे. मुद्रिते तपासायची, पीडीएफवर खुणा करायच्या आणि ईमेल पाठवायचे, असे मी सांगितल्यावर तुम्ही खणातून पेनड्राइव्ह काढलात आणि म्हणालात, "मग तुला ओपनबीएसडी आवडेल. हिचं मॅन्युअल खरं असतं."

ओपनबीएसडी हीही तशीच संगणक चालवणारी एक प्रणाली, पण तुमच्या वाक्यातली मेख मला पुढे कळली. १९९५ साली थिओ डी राट यांनी कॅनडातल्या कॅल्गरीत नेटबीएसडी नावाच्या दुसऱ्या प्रणालीपासून वेगळी काढलेली ही, युनिक्स या जुन्या प्रणालीच्या बर्कली घराण्यातली प्रणाली सुरक्षिततेसाठी प्रसिद्ध आहे आणि दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करू देणारे, जगभरच्या सर्व्हरांवर वापरले जाणारे ओपनएसएसएच याच मंडळींच्या हातून १९९९ साली आले, हे तुम्ही मला दोन मिनिटांत सांगून टाकलेत. मात्र मॅन्युअलच्या पानातली चूक ही या मंडळींच्या लेखी प्रोग्राममधल्या चुकीइतकीच चूक असते, हे सांगायला तुम्ही चांगला अर्धा तास घेतलात. नव्वदच्या दशकात बँकेच्या शाखेत एससीओ युनिक्सचे टर्मिनल सांभाळताना तुमच्यापाशी छापील मॅन्युअलांशिवाय दुसरा आधार नव्हता, हे त्या अर्ध्या तासातच मला समजले. मुद्रितशोधन करणाऱ्या बाईला गळाला लावायला याहून चांगले आमिष कोणते असणार?

इन्स्टॉलेशनमध्ये सांगण्यासारखे फारसे काही घडले नाही. काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न येत गेला आणि बहुतेकांना एंटर हेच उत्तर पुरले. गाडी अडली ती वाय-फायवर. त्या कार्डाच्या फर्मवेअरचा, म्हणजे कार्डाला चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा, परवाना या मंडळींच्या कसोटीला उतरत नसल्याने ते मूळ प्रणालीत नसते, पहिल्यांदा सुरू होताना यंत्र ते नेटवरून आणते. म्हणजे वाय-फाय चालण्यासाठी आधी नेट हवे. माझ्याकडे तेव्हा राउटर नव्हता, मोबाईलच्या हॉटस्पॉटवरच सारे चालत असे. तुम्ही वर गेलात आणि पाच मिनिटांनी माझ्या खिडकीच्या गजांसमोर एक राखाडी लॅन केबल वाळवणाच्या दोरीसारखी लोंबत खाली आली. ती लावताच फर्मवेअर उतरले आणि वाय-फाय सुरू झाले. मोबाईल यूएसबीने जोडूनही हेच काम झाले असते, हे मी नंतर वाचले. तुम्हाला ते तेव्हाच ठाऊक होते, अशी मला दाट शंका आहे.

पण ज्यासाठी हे पत्र लिहिले, ती रात्र जूनमधली आहे. पहिल्या पावसात वीज गेली, बॅटरी नसल्यामुळे लॅपटॉप जागीच विझला, आणि वीज परत आल्यावर पडद्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांतली एक ओळ येऊन सारे थांबले. मी रात्री दहा वाजता तुम्हाला फोन करून "कसलीतरी एरर आली आहे" असे सांगितले. तुम्ही वर न चढता, खाली न उतरता म्हणालात, "कसलीतरी म्हणजे काय? अक्षर न् अक्षर वाच." मी वाचू लागले आणि तिसऱ्या शब्दाला माझाच आवाज खाली आला, कारण काय बिघडले आहे आणि कोणती आज्ञा हाताने चालवायची आहे, हे दोन्ही त्या ओळीतच लिहिलेले होते. अनपेक्षित विसंगती सापडली आहे, एफएसचेक (डिस्क तपासणारी आज्ञा) स्वतः चालवा. रोज दुसऱ्यांच्या मजकुरातला अनुस्वार शोधणाऱ्या मला समोरचे संपूर्ण वाक्य दिसले नव्हते! या प्रणालीची फाइल-व्यवस्था बदलांची आगाऊ नोंदवही ठेवत नाही, त्यामुळे यंत्र अचानक बंद पडले की डिस्क तपासावी लागते, हे तुम्ही डिस्कची तपासणी चालू असताना फोनवर समजावलेत. तपासत असलेल्या मुद्रितांतल्या एका प्रकरणाचा शेवटचा भाग त्या रात्री गेला. दुसऱ्या दिवशी मी नवी बॅटरी मागवली.

त्यानंतर तुमची मदत आणखी आखूड होत गेली. फायरफॉक्समधून ईमेलला फाइल जोडताना मला डाउनलोड्सखेरीज माझा एकही फोल्डर दिसेना, तेव्हा तुम्ही उत्तरादाखल फक्त एका मजकूर-फाइलचा पत्ता पाठवलात. ती फायरफॉक्सच्या पॅकेजसोबतच आलेली टिपण-फाइल होती. ब्राउझरला डिस्कचा ठरावीक भागच दिसू द्यायचा, ही २०१८ साली आलेली अनव्हील नावाची सोय त्यामागे आहे, हे मी स्वतः वाचून समजून घेतले, आणि जो दोष म्हणून तुमच्याकडे घेऊन आले होते तो मुद्दाम बांधलेला कठडा निघाला. राग आला होता, हे कबूल करते.

प्रत्येकाने ही प्रणाली घ्यावी, असे मी कुणाला सांगणार नाही. ब्लूटूथचा कोड या मंडळींनी २०१४ साली काढूनच टाकला, त्यामुळे माझे बिनतारी इअरफोन इथे निरुपयोगी आहेत. यावर तुमचे "वायर लाव" हे उत्तर मला अजूनही पटलेले नाही. एक्सटर्ममध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, मराठी जोडाक्षरे सुटी पडतात आणि मात्रा भलतीकडे बसतात. मात्र नोटो फॉन्ट बसवल्यावर ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये देवनागरी नीट दिसते, आणि इनस्क्रिप्टचा कळफलक एका आज्ञेत चालू होतो. ती आज्ञा मात्र मी तुम्हाला शिकवली, याची नोंद असावी.

दिवाळीच्या दिवसांत ओपनबीएसडीची ७.८ ही आवृत्ती आली. तुम्ही मुलीकडे गेला होतात. मी सिसअपग्रेड या आवृत्ती बदलणाऱ्या आज्ञेचे मॅन्युअल दोनदा वाचले, मुद्रितांची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवली आणि आज्ञा दिली. यंत्राने फाइली आणल्या, त्यांच्यावरच्या डिजिटल सह्या पडताळल्या, आपणहून बंद-चालू झाले आणि नव्या आवृत्तीत उभे राहिले. नंतर पॅकेजेही अद्ययावत केली. त्या रात्री फोन करायची वेळ आली नाही, पण करावासा वाटत होता.

तुमची राखाडी केबल अजून माझ्याकडेच आहे. रविवारी सकाळी ती घेऊन वर येते. चहा मात्र यावेळी माझ्याकडून.

आपली नम्र,
पहिल्या मजल्यावरची मुद्रितशोधक