रोझा बोनरविषयी, पशुवैद्य मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

मी पाठवलेली नांगरणीच्या चित्राची छापील प्रत पाहून तू लिहिलेस, की हे बैल ज्याने काढले त्याने गुरांच्या अंगावरून पुष्कळ हात फिरवलेला असणार. तुझी पारख खरी आहे. ते चित्र रोझा बोनर या फ्रेंच बाईंनी १८४९ साली काढले, तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांच्याविषयी सविस्तर लिहिण्याचे तुला कबूल केले होते, ते आज करतो.

रोझांचा जन्म १८२२ साली बोर्दो येथे झाला. वडील रेमों हे चित्रकारच. पण ते सें-सिमों या समाजसुधारणेचे स्वप्न पाहणाऱ्या पंथाच्या इतके आहारी गेले, की घरदार मागे टाकून काही काळ त्या पंथाच्या लोकांत जाऊन राहिले, आणि चार मुलांचा भार आईवर पडला. रोझाला अक्षरओळख होईना, तेव्हा या आईने प्रत्येक अक्षरासाठी एकेक प्राणी काढायला सांगून तिला वाचायला शिकवले. मी इतकी वर्षे मुलांना चित्रकला शिकवतो आहे, पण याहून चांगली युक्ती माझ्या पाहण्यात नाही. ती आई १८३३ साली वारली. रोझा तेव्हा अकरा वर्षांची होती.

स्त्रियांना सरकारी कलाशाळेत प्रवेश नसण्याचा तो काळ, त्यामुळे शिक्षण झाले ते वडिलांच्या हाताखाली आणि लूव्र संग्रहालयातील जुन्या चित्रांच्या नकला करून. एवढ्यावर तिचे समाधान झाले नाही. कातडीखाली स्नायू कसा वळतो आणि हाडाला कुठे धरतो हे कळावे म्हणून ती पॅरिसच्या कत्तलखान्यांत जाऊन उभी राहू लागली. तुम्ही जे विच्छेदनाच्या टेबलावर शिकलात, ते तिने रक्ताच्या थारोळ्याशेजारी, खाटकांच्या गर्दीत, कागदावर रेषा ओढत शिकून घेतले. १८४१ साली सलाँ या पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात तिची चित्रे प्रथम लागली, १८४८ साली तिथलेच सुवर्णपदक मिळाले आणि त्यापाठोपाठ सरकारने तीन हजार फ्रँकला नांगरणीचे चित्र काढायला सांगितले.

आता ती प्रत पुन्हा समोर घे. मूळ चित्र पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात असून ते सुमारे अडीच मीटर रुंद आहे. हिवाळ्यापूर्वी जमीन उलथून मोकळी करण्याचे नीव्हर्ने प्रांतातील ते काम. सहा-सहा बैलांची दोन औते एकामागून एक चढावर निघाली आहेत. आपल्या बैलांसारखे वशिंड त्यांना नाही, पण पुढे रेटलेल्या मानेतले ओझे तेच आहे. माणसे त्यांच्या आड जवळजवळ झाकली गेली आहेत, आणि मधला एक बैल थेट आपल्याकडे पाहतो. चित्राचा खालचा सगळा भाग तिने नुसत्या उलथलेल्या ढेकळांना दिला. एवढी जागा मातीला द्यायला धाडस लागते, असे मला मनापासून वाटते.

पुढचे मोठे चित्र घोड्यांच्या बाजाराचे, पाच मीटरहून अधिक रुंद, १८५३ च्या सलाँमध्ये लागलेले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाजवळ भरणाऱ्या त्या बाजारात ती दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, पुरुषी वेषात जाऊन रेखाटने करीत होती. स्त्रीने पुरुषाचे कपडे घालायचे तर पोलिसांचा परवाना लागे. तो वैद्यकीय कारण दाखवून मिळे, दर सहा महिन्यांनी नवा करावा लागे, आणि त्या कपड्यांत नाटके किंवा नृत्यसमारंभ यांना जाण्याची मनाई असे. आज तिच्याविषयी बोलताना लोक या विजारीवरच थांबतात, याचे मला वाईट वाटते. बाजारात धक्के न खाता, कुणाच्या नजरेत न भरता काम करता यावे यासाठी ती विजार होती. सांगण्यासारखी गोष्ट ते दीड वर्ष आहे.

अर्नेस्ट गाम्बार या चित्रविक्रेत्याने ते चित्र चाळीस हजार फ्रँकला घेतले आणि इंग्लंडभर दाखवले. पुढे ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पोहोचले. मिळालेल्या पैशातून रोझांनी पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या अरण्यालगत बी नावाच्या गावी वाडा विकत घेतला. बालपणची मैत्रीण नाताली मिकास आणि तिची आई यांच्यासह त्या तिथे राहिल्या, आणि आवारात मेंढ्या, घोडे, हरणे, पुढे सिंहसुद्धा पाळले. १८६५ साली फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनी स्वतः तिथे आल्या आणि त्यांनी रोझांना लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मानाचा किताब दिला. चित्रकलेसाठी तो मिळवणाऱ्या रोझा या पहिल्या स्त्री.

१८८९ साली नाताली गेली आणि घर ओस पडले. अखेरच्या वर्षी अ‍ॅना क्लुम्पके ही अमेरिकन चित्रकर्ती सोबतीला आली आणि तिने रोझांच्या आठवणी लिहून घेतल्या. रोझा मे १८९९ मध्ये वारल्या, तेव्हा वाड्यात दोन हजारांहून अधिक कलाकृती शिल्लक होत्या. एवढा किताब, एवढा पैसा मिळाल्यावरही ही बाई खूर, नाकपुडी, कान पुन्हा पुन्हा काढत राहिली होती.

घोडेबाजाराच्या चित्राची प्रत या पत्रासोबत पाठवतो आहे. मधोमध उसळणाऱ्या पांढऱ्या घोड्याचे पाय नीट तपासून पाहा, आणि त्या क्षणी भार कुठे पडला असेल ते मला कळव. मला रेषा दिसते, पण त्याच्या सांध्यात काय चालले आहे ते तूच सांगू शकशील.

तुझा,
मास्तर