मिश्रीची डबी ओळखणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, स.न.वि.वि.

तुमचा नंबर मागितला होता, हॉस्पिटलने दिला नाही. बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय. नाव तुमचंही टाकत नाही आणि माझंही. हडपसरच्या आमच्या सोसायटीत मी ते पंधरा दिवस 'साताऱ्याला माहेरी' होते, ते तसंच राहू दे.

फेसलिफ्टच्या आधी डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट ओढता का? मी ठणकावून नाही म्हणाले. खोटं कुठे होतं? फॉर्मवरही 'धूम्रपान' एवढंच लिहिलेलं. रक्त घेताना तुम्ही माझ्या दातांकडे बघितलंत आणि हळूच म्हणालात, "काकू, मिश्री लावता का?" वय ६१, बँकेतून रिटायर झालेली बाई, आणि ४० वर्षं पर्सच्या आतल्या कप्प्यात लपवलेली डबी तुम्ही दोन मिनिटांत बाहेर काढलीत. लाजेने मान खाली गेली. तुम्ही रागावला नाहीत. "माझी आईपण लावते," म्हणालात.

मग नीट सांगितलंत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं आणि बारीक रक्तवाहिन्या आकसतात. या ऑपरेशनमध्ये गालाची नि गळ्याची कातडी खालून सोडवून मागे ओढतात, त्यामुळे तिचा रक्तपुरवठा आधीच कमी झालेला. त्यात तंबाखू असेल तर कानामागची कातडी काळी पडून मरूही शकते. डॉक्टरांना मीच सांगितलं, तुम्ही नुसत्या शेजारी उभ्या राहिलात. तारीख पाच आठवडे पुढे गेली, ती नेमकी पितृपक्षात. जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा त्यावर आठवडाभर चालला. गौरीच्या हळदीकुंकवाला नवा चेहरा दाखवायचा माझा बेतही बारगळला. ते पाच आठवडे कसे काढले ते मलाच माहीत. लवंग चघळून चघळून जीभ हुळहुळी झाली.

ऑपरेशन चारेक तास चाललं. डोक्याला घट्ट पट्टी, कानामागून दोन नळ्या. त्या रात्री तुमचीच ड्यूटी होती. सारखं बीपी बघत होतात आणि बजावत होतात, "एकच गाल टणक झाला, एकाच बाजूने दुखायला लागलं, तर लगेच बेल दाबा." कातडीखाली रक्त साचायची भीती पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त असते, हे मला तेव्हा कळलं. तसं काही झालं नाही. पण कुणीतरी जागं आहे या भरवशावर मी झोपले.

"तिसऱ्या दिवशी आरसा बघू नका," हे तुमचं वाक्य मी अर्थातच मोडलं. सूज आधी वाढते, मग उतरते, हे ऐकलं होतं. तरी आरशातली ती भोपळ्यासारखी बाई बघून रडू आलं. पैसे घालून हे कशाला करून घेतलं, असं वाटलं. (मेडिक्लेममध्ये हे बसत नाही, सगळं खिशातून.) तुम्ही आधीच म्हणाला होतात, पहिल्या आठवड्यात रडायला येतं, त्याचा फार विचार करू नका. नाही केला. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं, वाकायचं नाही, भाकरीऐवजी मऊ भात नि उकड. आठव्या दिवशी टाके निघाले. काळंनिळं गळ्यावर उतरत पिवळं झालं आणि दुसरा आठवडा संपता संपता गेलं.

कान मात्र अजून माझे नाहीत. फोन लावला की दुसऱ्याच कुणाच्या कानाला लावल्यासारखं वाटतं. परवा एक कुडी पडली तर पत्ताच लागला नाही. याला काही महिने लागतात, हेही तुमच्याकडूनच कळलं होतं, म्हणून घाबरले नाही. ओठांवरच्या रेघा तशाच आहेत. त्या या ऑपरेशनने जात नाहीत, तेही तुम्ही सांगितलं होतंत. गळा मात्र छान झालाय.

भाऊबीजेला भाऊ म्हणाला, "झोप बरी होतेय वाटतं हल्ली तुझी." मी हो म्हणाले.

मिश्री अजून बंद आहे. माझ्यासारख्या 'सिगारेट नाही' म्हणून मोकळ्या होणाऱ्या बायका तुमच्याकडे येत असतील, त्यांच्याही दातांकडे बघत जा.

दिवाळीचा डबा रिसेप्शनवर ठेवला होता, चकल्या नि अनारसे. तुमच्यापर्यंत पोचला का?

तुमची,
कॉट नंबर ४ वरची काकू