घरगुती बिअरचे सॉफ्टवेअर: रेंज नसताना काय होते, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरगुती बिअरनिर्मितीसाठी मिळणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखात तयार रेसिपींची संख्या, पडद्यावरची मांडणी आणि किंमत यांची चर्चा सविस्तर आहे. ‘फोन, टॅब्लेट, संगणक, सगळीकडे चालते’ हे वाक्य मात्र जाता जाता येऊन जाते. निवडीचा खरा प्रश्न त्या एका वाक्यातच दडलेला आहे आणि आमच्यासारख्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांना तो शहरातल्यांपेक्षा जास्त छळतो, म्हणून हे पत्र.

कायद्याची बाजू लेखात राहून गेली आहे, ती आधी नोंदवतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार आपल्या राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, मग ते घरच्यापुरते का असेना. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्या वापरापुरत्या बिअरला परवाना लागत नाही; अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने वर्षाला प्रौढ व्यक्तीमागे १०० गॅलनपर्यंतची बिअर करमुक्त केली. त्यामुळे हे सॉफ्टवेअर आपल्याकडे ज्यांच्या उपयोगाचे, त्यांत परदेशात राहणारे किंवा तिकडून परतलेले बरेच असणार. मी त्यांपैकीच एक आहे. नोकरीनिमित्त स्कॉटलंडमध्ये असताना हा छंद लागला. आता मी देवगड तालुक्यात असतो, बिअर तिकडेच माझा जुना जोडीदार करतो आणि रेसिपी, नोंदी, हिशोब आम्ही दोघे एकाच खात्यात ठेवतो. म्हणजे त्याचा फोन, त्याचा लॅपटॉप, माझा फोन आणि माझा घरचा संगणक अशा चार ठिकाणी एकच बॅच उघडलेली असते.

‘सगळीकडे चालते’ याचे अर्थ सॉफ्टवेअरगणिक वेगळे असतात. ब्रूफादर ब्राउझरमध्ये, अँड्रॉइडवर आणि आयफोनवर एकाच खात्याने उघडते, पण त्याच्या मोफत आवृत्तीत किती रेसिपी ठेवता येतील यावर मर्यादा आहे. बिअरस्मिथचा मूळ पिंड संगणकाचा. त्याचे मोबाइल अॅप वेगळे विकत घ्यावे लागते. ब्रूटार्गेट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्सवर फुकट चालते, परंतु फोनसाठी त्याची आवृत्ती नाही. त्याचा सारा विदा (डेटा) संगणकातल्या एका फाइलमध्ये राहतो, आणि ती फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवून दोन संगणकांवर वापरण्याची युक्ती काही जण करतात. दोन्हीकडे एकाच वेळी ती उघडी राहिली तर नोंदींचा विचका होऊ शकतो, तेव्हा या युक्तीच्या वाटेला न गेलेले बरे.

खरी परीक्षा रेंज गेल्यावर होते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा त्या भागातील कित्येक गावे दिवसेंदिवस विजेविना आणि फोनविना होती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याजवळून गेले. वादळाचे सोडाच, साध्या पावसाळ्यात लाइट गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि त्यामागोमाग रेंजही जाते. अशा वेळी केवळ ब्राउझरवर विसंबलेले सॉफ्टवेअर नुसते फिरणारे चक्र दाखवत बसते. यीस्ट काही आपल्या नेटवर्कसाठी थांबत नाही; त्या दिवसाचे गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, जिच्यावरून उरलेली साखर कळते) त्या दिवशीच नोंदवले गेले पाहिजे.

म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. फोन विमान मोडवर टाकावा आणि एखाद्या खोट्या बॅचमध्ये १.०२० हे गुरुत्व नोंदवावे. दरम्यान संगणकावर त्याच बॅचमध्ये त्याच दिवसासाठी १.०१८ लिहावे, मग फोन पुन्हा जोडून पाहावे. चांगले सॉफ्टवेअर दोन्ही नोंदी वेळेसकट ठेवते किंवा कोणती ठेवायची ते विचारते. जे शेवटी आलेली नोंद गुपचूप पहिलीवर चढवते, ते कितीही देखणे असले तरी दोन माणसांच्या कामाचे नाही. आम्ही पूर्वी वापरत असलेल्या एका अॅपने, ज्याचे नाव येथे घेत नाही, जोडीदाराच्या आठवडाभराच्या नोंदी अशाच पुसून टाकल्या होत्या.

दुसरी गोष्ट फोनच्या स्वभावाची. वॉर्ट, म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोड काढा, साधारण तासभर उकळतो आणि त्या तासात हॉप्स (कडवटपणा देणारी फुले) ठरलेल्या मिनिटाला टाकावे लागतात, त्यासाठी अॅपमध्ये गजर असतो. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागे चाललेले अॅप बंद करतात, आणि मग गजर वाजतच नाही. हे अॅप बॅटरीच्या बंधनातून वगळण्याची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. ती पहिल्याच दिवशी करून ठेवावी. शिवाय चुलीजवळ हात ओले आणि चिकट असतात, तेव्हा अंकांची बटणे मोठी असलेले अॅप पसंत करावे. रेसिपीची जुळवाजुळव संगणकाच्या मोठ्या पडद्यावर करावी आणि फोनकडे केवळ मोजमापे व गजर सोपवावेत, ही आम्हांला मानवलेली विभागणी.

मापांकडे तर लेखाने पाहिलेलेच नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये रेसिपी सर्व उपकरणांवर पोहोचते, पण एकके आणि उपकरणांची माहिती ज्या त्या फोनमध्येच राहते. अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणजे ‘पाच गॅलन’च्या बॅचमध्ये जवळजवळ पावणेचार लिटरचा फरक पडतो. तापमानाचेही तसेच. २० अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेले हायड्रोमीटर (गुरुत्व मोजणारे उपकरण) ३० अंशांच्या द्रवात सुमारे ०.००२ ते ०.००३ कमी दाखवते. स्कॉटलंडमधल्या एबर्डीनच्या थंडीत हा फरक कुणाला जाणवत नाही. आमच्या पडवीतल्या मे महिन्यासारख्या उकाड्यात तो धरलाच पाहिजे, नाहीतर मद्यांशाचा हिशोब पाव टक्क्याहून अधिक चुकतो. बिअर आम्ही येथे करत नाही हे खरे, परंतु रातांब्याच्या सालींचे अमृत कोकम करताना साखरेचे प्रमाण रिफ्रॅक्टोमीटरने (प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणाऱ्या उपकरणाने) पाहून त्याच अॅपमध्ये बरणीवार नोंदवतो, आणि तेथे ब्रिक्स (साखरेच्या टक्केवारीचे एकक) व तापमान यांची सोय नीट आहे की नाही ते लगेच कळते. रिफ्रॅक्टोमीटर किण्वन (आंबणे) सुरू झाल्यानंतर बिअरसाठी वापरायचा असेल तर मात्र अॅपमध्ये मद्यांशाची दुरुस्ती हवी, कारण अल्कोहोलमुळे तो प्रत्यक्षाहून जास्त आकडा दाखवतो.

एकाच रेसिपीचा कडवटपणा दोन उपकरणांवर वेगळा दिसला तर लगेच सिंकला (उपकरणांमधल्या नोंदी जुळवण्याला) दोष देऊ नये. टिन्सेथ आणि रेजर ही दोन सूत्रे एकाच हॉप्सचे वेगवेगळे आकडे देतात. दोन्हीकडे एकच सूत्र निवडले आहे ना, ते आधी पाहावे.

शेवटचा मुद्दा बाहेर पडण्याच्या वाटेचा. बहुतेक सॉफ्टवेअर बिअरएक्सएमएल या फाइल-स्वरूपात रेसिपी बाहेर काढून देतात, आणि त्या बळावर ‘तुमचा विदा तुमचाच’ असे सांगितले जाते. पण ते स्वरूप मुळात रेसिपीसाठी आहे: माल्ट, हॉप्स, यीस्ट, मॅशचे (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याचे) टप्पे, आरंभीचे व अंतिम गुरुत्व. रोजच्या मोजमापांची मालिका त्यात बसत नाही. वर्गणी थांबवल्यावर जुन्या बॅचच्या नोंदी वाचता येतील का, आणि त्या साध्या तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येतील का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. आम्ही प्रत्येक बॅच संपल्यावर तिचा तक्ता संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवतो.

या विषयावर पुन्हा लिहून आणण्याचा आपला विचार असेल, तर लेखकाने प्रत्येक सॉफ्टवेअर रेंज बंद करून एकदा वापरून पाहावे आणि काय झाले ते छापावे, अशी विनंती आहे. रेसिपींची संख्या जाहिरातीतही सापडते.

आपला विश्वासू,
एक वाचक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग