सुतारकाकांना, पंचवटी

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा पाजलास की गं" म्हणून विषय मिटवता. म्हणून आज सगळ्यांदेखत लिहिते. भाच्यासाठी मी करत होते तो लाकडी बुद्धिबळाचा संच पुरा झाला. ३२ च्या ३२ मोहरी पटावर उभी आहेत. २०२४ साली बुडापेस्टला ऑलिंपियाडचं सोनं जिंकणाऱ्या संघात आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता, तेव्हापासून हे पोर पटावरून उठत नाही.

तुम्ही आलात त्या संध्याकाळपर्यंत स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक उभ्या पात्याच्या करवतीच्या मशीनवर, कापताना माझी सात-आठ प्यादी वाया गेली होती. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर कागद दुमडून दोन लगतच्या बाजूंवर चित्र चिकटवायचं, इथवर बरोबर होतं. पण पहिली बाजू कापली की मी बाहेरचे तुकडे टाकून देत होते. "अगं, दुसरं चित्र त्या तुकड्यांवरच आहे ना!" तुम्ही एवढंच म्हणालात आणि केराच्या डब्यातून ते वेचून काढलेत. तुकडे जागच्या जागी बसवून भोवती पॅकिंगची टेप घट्ट गुंडाळली, की ठोकळा परत चौकोनी. टेबलावर डुगडुगत नाही, आणि टेपमुळे पातं घसरतं राहून लाकूड जळतही नाही.

त्याआधी तुम्ही मशीनलाच हात घातलात. जाड तुकड्यात जरासा काप घेतलात, मशीन बंद केलंत, तुकडा फिरवून तोच काप पात्याला मागून लावून पाहिलात. बसला नाही. माझं पातं टेबलाशी काटकोनात नव्हतंच. म्हणून प्यादं वर गोल आणि खाली तिरपं होत होतं. महिनाभर मी हाताला दोष देत होते, काका.

२ सेंमीचा ठोकळा बोटांनी धरायचा नाही, दोन पट्ट्यांमध्ये क्लॅम्पनं आवळायचा, हेही तुमचंच. आणि ढकलायचं नाही. ढकललं की पातं मागे वाकतं आणि लाकडाच्या पोटात भलतीकडे जातं. पाच नंबरचं नवं पातं लावून तुम्ही माझा हात धरून वेग दाखवलात. इतकं हळू कापायचं असतं, हे सांगून मला कळलं नसतं.

दुसरी बाजू कापून टेप सोडली तेव्हा शेंगेतून दाणा निघावा तसं प्यादं हातात आलं. तुमच्याकडे पाहिलं तर तुम्ही माझ्याआधी हसत होतात.

पांढरी मोहरी शिवणीच्या लाकडाची, काळी शिसवीची. शिसवीचा एक घोडा जास्तीचा केलाय, तुमच्यासाठी. रविवारी घेऊन येते.

तुमची,
मागच्या गल्लीतली