बासवाले काकांना, मराठीतून

प्रिय काका,

‘चिवडा’ सोडून मराठीचा एक शब्द तुम्हाला येत नाही, म्हणूनच हे पत्र मराठीत. तोंडावर आभार मानले असते तर ‘आधी सुरात लाव’ म्हणून तुम्ही माझ्या हातात बास, तुमचं ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य, दिला असता. इंग्रजीत लिहिलं असतं तर पुढचे चार गुरुवार सगळ्यांसमोर माझा आवाज काढून वाचून दाखवलं असतंत.

नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेच्या फेएटव्हिल स्ट्रीटवर २०१३ ते २०२४ या काळात ब्लूग्रासचा, म्हणजे बँजो-मॅन्डोलिन-फिडलवरच्या अमेरिकी लोकसंगीताचा, मेळा भरायचा. तिथे आम्ही गेलो ते खरं तर खायला. कोपऱ्याकोपऱ्यावर माणसं गोल करून वाजवत होती, आणि मी सातारच्या बाजूचा भजनातला ढोलकीवाला, सवयीने ठेका धरणारा शोधत होतो. कुठेच ढोल नाही, ड्रम नाही, तरी ठेका असा घट्ट की पाय थांबेना. कोण वाजवतंय हे?

त्याचं उत्तर शोधायला म्हणून मी तुम्ही सगळे दर गुरुवारी वाजवायला जमता त्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत आलो, आणि येताना ढोलकी घेऊन आलो. काय बुद्धी झाली होती! मी पिशवी उघडली आणि खोलीत शांतता पसरली. कोणी ‘नको’ म्हणालं नाही, पण फिडलवाल्या बाई छताकडे बघायला लागल्या. तुम्ही उठलात, ढोलकी दोन्ही हातांत घेऊन नीट न्याहाळलीत, वादीवरून बोट फिरवलंत, म्हणालात, ‘फार सुंदर आहे. गाडीत ठेव.’ आणि आपला बास माझ्या खांद्याला टेकवून माझ्याच खुर्चीत बसलात.

तो ठेका कोण धरतं ते त्या रात्री कळलं. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बास, दुसऱ्या-चौथ्यावर मॅन्डोलिन: तारा छेडून बोटं लगेच सैल करायची, की सूर मरतो आणि नुसतं ‘चक्’ उरतं. तुमची डग्गा-चाटी दोन वेगवेगळ्या माणसांच्या हातात! आणि तुम्ही जे ‘वन-फोर-फाइव्ह’ म्हणत बोटं दाखवत होता ते म्हणजे सा, म, प. ‘जी’ म्हणजे आमची पांढरी पाच. त्यात सा वाजवायचा, मग प, परत सा. तानपुरा जन्मभर ऐकलेल्या माणसाला हे शिकवावं लागलं नाही, फक्त कुठे दाबायचं ते दाखवावं लागलं. ते तुम्ही दाखवलंत, पांढऱ्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे बासच्या मानेवर चिकटवून. स्वतःच्या बासवर. बोटांना फोड आले तेव्हा तीच चिकटपट्टी बोटांनाही गुंडाळून दिलीत.

पण आभार त्याचे नाहीत. वाद्य कोणीही शिकवतं.

पहिले दोन महिने सगळे माझ्याशी फार गोड वागत होते. एकमेकांची सालं काढायचे, मला मात्र ‘छान, छान’. बँजोवाला स्वतःच विचारायचा, ‘कांदा आणि बँजोत फरक काय?’ आणि स्वतःच सांगायचा, ‘बँजो चिरताना कोणी रडत नाही.’ एकाने गाडीत बँजो ठेवला, कुलूप लावायला विसरला, परत येऊन बघतो तर दोन बँजो, हा विनोद मी तिथे अकरा वेळा ऐकला आणि अकराही वेळा बँजोवालाच सर्वांत जोरात हसला. याच राज्यातल्या अर्ल स्क्रग्ज या बँजोवादकाचं नाव निघालं की मात्र तोच माणूस गप्प. १९४५च्या डिसेंबरात स्क्रग्ज ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो याच्या बँडमध्ये आला, तीन बोटांनी वाजवायला लागला, आणि या संगीताला आजचं रूप आलं. तिथे चेष्टा नाही. आमच्याकडे तुकोबांच्या अभंगाआधी चहाचे कप खाली ठेवतात, तसं.

मी या गोलात पाहुणाच होतो. मग एका गुरुवारी शेवटच्या फेरीला गाणाऱ्याने पाय उचलला, म्हणजे गाणं संपवायचं, हे मला ठाऊक होतं. पण माझे डोळे तुमच्या चिकटपट्ट्यांवर. सगळे थांबले, मी नाही. सा… प… सा… प. एकटाच. खोलीत दुसरा आवाज नाही. मान वर केली तर आठ माणसं माझ्याकडे बघतायत. तुम्ही घड्याळात पाहिलंत आणि गंभीरपणे म्हणालात, ‘बासचा सोलो ऐकायला लोक इतक्या लांबून येतात, हे मला माहीत नव्हतं.’

काय हसले सगळे! फिडलवाल्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. आणि त्याच रात्री जाताना त्यांनी विचारलं, शनिवारी आमच्या अंगणात सगळे जेवायला जमतायत, तू काय आणशील? दोन महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. काका, आभार त्या एका वाक्याचे.

तिकडे साताऱ्यात भावाला सांगितलं की मी बँजोवाल्यांबरोबर वाजवतो. तो म्हणाला, ‘अमेरिकेत जाऊन वरातीत?’ आमच्याकडे बँजो म्हणजे बटणं दाबून वाजवायची पेटी, लग्नात आणि गणपतीत रस्ताभर कल्ला करणारी. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत: ‘म्हणजे तिथेही लोकांना बँजोचा त्रास आहे!’ आता प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही हे माझ्याच नावावर खपवता.

एक तक्रार तेवढी राहिली. मन्रोसारख्या चढ्या गळ्याच्या लोकांसाठी तुम्ही अधूनमधून ‘बी’ काढता. पांढरी सात. बँजोवाला आणि गिटारवाला कॅपो, म्हणजे पट्टी चढवायचा मानेवरचा चिमटा, सरकवून मोकळे, बासला कॅपो नाही, आणि ‘बी’त एकच मोकळी तार धड उपयोगाची येते. तुमच्या चिकटपट्ट्याही तिथवर पोचत नाहीत.

गुरुवारी चिवडा आणतो. ‘बी’त काही ठरलं असेल तर आधी फोन करा, चिवडा बायकोबरोबर पाठवतो.

तुमचा,
ढोलकी अजून गाडीतच असलेला