पांढरकवड्याला वकिली सुरू करणाऱ्या मित्रास

वणी, जि. यवतमाळ
मृग लागायच्या आठवड्यात

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नागपूर सोडून पांढरकवड्याच्या कोर्टात बसायचं तू नक्की केलंस, हे वाचून फार बरं वाटलं. गोरगरिबांची कामं करायची आहेत पण सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. म्हणून हे लांबलचक पत्र. आज त्यात उपदेश नाही, कामाचंच लिहितो.

आपल्याकडचा शेतकरी कोर्टात क्वचितच हरतो. तिथे पोचण्याआधीच तो हरलेला असतो. मुदत गेलेली असते, पावती हरवलेली असते, किंवा कुणीतरी भलत्याच कलमाखाली अर्ज लिहून दिलेला असतो. त्यामुळे तालुक्याच्या वकिलाची सेवा युक्तिवादाच्या फार आधी सुरू होते. पहिली सहा महिने तू केवळ लोकांना वेळेत अर्ज करायला लावलंस, तरी मोठं काम होईल.

पांदणीचंच बघ. तुझ्याकडे सगळ्यात जास्त माणसं वावराच्या रस्त्यासाठी येतील. आता पेरणीच्या तोंडावर शेजारी धुरा (बांध) फोडतो, बैलबंडीच्या वाटेवर नांगर फिरवतो किंवा काट्या टाकतो. रस्ता आधीपासून वहिवाटीत असेल आणि अडवला असेल, तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५. जुना रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. दोन्ही अर्ज तहसीलदाराकडेच जातात, म्हणून अर्ज लिहून देणारे दोन्ही कलमं एकाच अर्जात ठोकून देतात. मग समोरचा वकील उभा राहून विचारतो, रस्ता होता की नव्हता? तिथेच अर्ज लटकतो. आधी गावनकाशा काढ, त्यावर पांदण दाखवली आहे का पाहा, मग स्वतः जागेवर चालून ये, आणि त्यानंतरच कलम ठरव.

कलम ५ ला मुदत अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांची. जूनमध्ये रस्ता अडला की लोक म्हणतात पेरणी होऊ दे, मग कापूस निघू दे, मग दिवाळी होऊ दे. जानेवारीत येतात तेव्हा दावा मेलेला असतो. याहून वाईट म्हणजे जोर यावा म्हणून अर्जात लिहितात, "गैरअर्जदार अनेक वर्षांपासून रस्ता अडवून त्रास देत आहे." या एका वाक्याने अर्जदार स्वतःच्या तोंडाने मुदतीबाहेर जातो. अडवणुकीची नेमकी तारीख, गट नंबर, चतुःसीमा, रस्त्याची लांबी-रुंदी आणि वहिवाट कोणकोणाची, एवढं पहिल्या पानावर आलं पाहिजे. पोलीस पाटील आणि लगतच्या दोन धुरेकऱ्यांचे जबाब त्याच आठवड्यात घेऊन ठेव. पुढे तेच लोक बोलायला कचरतात, कारण त्यांना त्याच गावात राहायचं असतं.

सोयाबीन उगवलं नाही, अशी तक्रार घेऊन जुलैत माणसं येतील. त्यासाठी आत्ताच बाजाराच्या दिवशी सांगत सुटायचं: बियाण्याची थैली खालच्या बाजूने फोडा, म्हणजे वरची शिलाई आणि लेबल शाबूत राहतं. पक्कं बिल, लॉट नंबर आणि थैलीत मूठ-दोन मूठ बियाणं जपून ठेवा. उगवण झाली नाही की लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तक्रार निवारण समिती पाहणीला येते तेव्हा शेतकऱ्याने हजर राहिलंच पाहिजे. पंचनाम्यात "पेरणी खोल झाली" किंवा "ओल अपुरी होती" असं वाक्य बसलं की पुढे ग्राहक आयोगात तेच आडवं येतं. पेरणी तीन ते पाच सेंटिमीटर खोल होती आणि त्याआधी पाऊस किती पडला होता, हे तिथल्या तिथे नोंदवून घ्यायचं. सोयाबीनला उगवणीचं किमान प्रमाण ७० टक्के आहे, हा आकडा शेतकऱ्याच्या तोंडी असू दे. बियाण्याचा नमुना शिल्लक नाही म्हणून शेतकऱ्याला परत पाठवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सांगितलं आहे. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

आता सावकारी. या विषयाने माझा जीव जळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कर्ज देताना सावकार गहाणखत करत नाही, सरळ खरेदीखत करून घेतो. पैसे फेडलेस की वावर परत नावावर करून देतो, असं तोंडी सांगतो. कागदावर विक्री पक्की आणि नोंदणीकृत असते, त्यामुळे शेतकऱ्याला वाटतं आता काहीच होत नाही. पण महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चं कलम १८ याच फसवणुकीसाठी आहे. अर्जाच्या तारखेपासून मागे पंधरा वर्षांत सावकारीच्या ओघात गेलेली स्थावर मालमत्ता परत देण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाला आहे. खरेदीखत अवैध ठरवून ताबा परत देता येतो.

फक्त हे सिद्ध कशाने होतं, ते नीट ध्यानात घे. दुय्यम निबंधक कार्यालयातून त्या सावकाराच्या नावाची सूची क्रमांक २, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी, काढ. आजूबाजूच्या चार-पाच गावांतले खरेदीखत एकाच नावावर असतील तर तोच मोठा पुरावा. खरेदीखतातली किंमत आणि त्या वर्षीचा शासकीय बाजारमूल्य दर शेजारी शेजारी मांड. खरेदी होऊनही वावर कोण वाहत होतं, पीकपेऱ्यात नाव कोणाचं, कापूस कोणाच्या नावाने विकला गेला, हे सगळं जोड. कोऱ्या चेकचे नंबर बँकेच्या पासबुकावरून मिळतात. पोलिसांत गुन्हा नोंदवला की झालं, असं लोक समजतात. ती चूक होऊ देऊ नको. गुन्ह्याने सावकाराला शिक्षा होईल, पण वावर परत येणार नाही. त्यासाठी कलम १८ चा वेगळा अर्ज लागतो. आदेश विरुद्ध गेला तर अपिलाला एकच महिना मिळतो.

आत्महत्या झालेल्या घरी वकील म्हणून जायची वेळ येईल. तिथे पहिल्या दिवशी कायदा बोलू नको, कागदांवर मात्र नजर ठेव. मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या चौकशीच्या, जबाबात कुणीतरी "पोटदुखीला कंटाळून" किंवा "दारूच्या नादात" असं लिहून मोकळं होतं आणि रडणाऱ्या घरच्यांचा अंगठा घेतला जातो. पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर प्रकरण गेलं की त्याच ओळीवरून ते अपात्र ठरतं. म्हणून वाचून दाखवल्याशिवाय जबाबावर सही नाही. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने ठरलेली मदत एक लाखाची, त्यातले तीस हजार थेट आणि सत्तर हजार ठेवीत. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं, तेव्हा थकबाकीचा दाखला आणि वसुलीच्या नोटिसा पहिल्याच आठवड्यात गोळा कर.

मागे राहिलेल्या त्या विधवा बाईचं खरं दुखणं तर पुढे सुरू होतं. वारसनोंदीची वर्दी तीन महिन्यांत द्यायची असते. ती द्यायला बहुतेक दीर किंवा सासरा जातो. मग फेरफारात मुलांची नावं लागतात आणि तिचं नाव फक्त "अ.पा.क." म्हणून, अज्ञान मुलांची पालक एवढ्यापुरतं. ती स्वतः पहिल्या वर्गाची वारस आहे, मुलामुलींच्या आणि सासूच्या बरोबरीने तिचा हिस्सा आहे, हे सातबाऱ्यावर दिसतच नाही. काही घरांत तर थोरल्या दिराचं नाव "एकत्र कुटुंब मॅनेजर" म्हणून लागलेलं असतं आणि मेलेल्या नवऱ्याचं नाव कधी चढलेलंच नसतं. तेव्हा चालू सातबारा पाहून भागत नाही. जुने फेरफार मागे मागे काढत आजोबांपर्यंत जावं लागतं. नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यात लेखी हरकत दे. ते दिवस गेले आणि फेरफार प्रमाणित झाला, तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील, साठ दिवसांच्या आत. आणि बहिणींचे, भावजयींचे साध्या कागदावरचे हक्कसोड कुणी दाखवले तर घाबरू नको. स्थावराचं हक्कसोडपत्र नोंदणी केल्याशिवाय चालत नाही.

तुझ्या तालुक्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. लोकनायक बापूजी अणे आमच्या वणीचे, यवतमाळला वकिली करायचे. १९३० साली त्यांनी पुसदला गवत कापून जंगलचा कायदा मोडला आणि शिक्षा घेतली. आज त्याच गवताचा, बांबूचा, तेंदूचा हक्क कायद्याने मागता येतो, तेव्हा तो मागून देणं हे आपल्या वकिलांकडे वारशानेच आलेलं काम आहे असं मी मानतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांनी २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला.

वनहक्क कायदा २००६ चा. वैयक्तिक दाव्याला नमुना "अ", सामूहिक हक्कांना "ब", आणि सामूहिक वनसंपत्तीच्या संरक्षण-व्यवस्थापनाला "क". दावे कुठे मरतात ते सांगतो. ग्रामपंचायतीची २६ जानेवारीची ग्रामसभा धरून तिच्यातच ठराव घेतला जातो. तिथे गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली जी कमी ती. वनहक्काच्या सभेला मात्र निम्मे प्रौढ हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. अनुसूचित क्षेत्रात ही सभा पोडाची, पाड्याची स्वतंत्र घेता येते, आणि तीच घ्यावी. सह्यांच्या यादीवर एकूण प्रौढ किती, हजर किती, त्यांत स्त्रिया किती, हे तीन आकडे वरच लिहून काढ. वनहक्क समिती दहा ते पंधरा जणांची, तिच्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया.

पुरावे किमान दोन जोडायचे. आदिवासींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा असतो. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल ठोठावलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या लोक लपवून ठेवतात, गुन्ह्याचा कागद वाटतो म्हणून. तोच सगळ्यात भक्कम पुरावा असतो. विहीर, बांध, मसणवटी, जुनी झाडं यांची स्थळपाहणीत नोंद घ्यायची, आणि दावेदार नसलेल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यायचे. चंद्रपूर, वर्धा, भंडाऱ्याकडे मालगुजारी होती, त्यामुळे तिथे अभिलेख कक्षात निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावाचे जुने हक्क नोंदलेले कागद, मिळतात. आपण वऱ्हाडात, तेव्हा त्यावर विसंबू नको. स्थळपाहणीची लेखी नोटीस वनखात्याला दिल्याची पोच फाइलला असली पाहिजे, नाहीतर ते आले नाहीत म्हणून दावा परत येतो. बिगरआदिवासी दावेदाराला पंचाहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा असतो. तोच तुकडा पंचाहत्तर वर्षं वाहिला, असं दाखवावं लागत नाही. दावा फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश मागून घे, कारण अपिलाचे साठ दिवस तो हाती पडल्यापासून चालतात. तोंडी "नामंजूर झाला" असं ऐकून शेकडो लोक घरी बसले आहेत.

गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनेलवर यायला तीन वर्षांची वकिली लागते, तेवढं थांबावं लागेल. तोवर लोकांचे अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे पोचवायला कोण अडवतं? स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले, यांना उत्पन्नाची अट नाही, आणि हेच कुणाला ठाऊक नसतं. पॅनेलच्या कामात पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, झेरॉक्सचाही नाही. लोकअदालतीत तडजोड लिहिताना घाई होते. एका दिवसात ढीगभर प्रकरणं निघायची असतात. त्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून गट नंबर, मोजणीचा नकाशा, पैसे देण्याची तारीख आणि ती चुकली तर काय, हे चार मुद्दे आल्याशिवाय पक्षकार बाईला अंगठा लावू देऊ नको. तिला सगळं मोठ्याने वाचून दाखव, आणि ते तिच्या बोलीत.

बाजाराच्या दिवशी दोन तास एका जागी बस. ग्रामपंचायतीचा ओटा किंवा शाळेची पडवी पुरते. फलकावर तुझं नाव, पदवी, फोन काही नको, फक्त "मोफत कायदा सल्ला" आणि वेळ. बार कौन्सिलच्या नियमांत जाहिरात बसत नाही, आणि नाव नसलं की बाकीचे वकीलही आळीपाळीने यायला तयार होतात. सोबत हातभर लांब रजिस्टर: तारीख, गाव, गट नंबर, तक्रार, मुदत कधी संपते, पुढे काय करायचं, कोणी करायचं. "मुदत" हा रकाना लाल शाईने भर. गावोगावची एक आशाताई किंवा बचत गटाची बाई हाताशी धर. ती मृत्यू, फेरफाराची नोटीस, अडलेली पांदण अशी खबर आठवड्याच्या आत देते, वकिलाला ती तीन महिन्यांनी कळते.

जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी लोकांना शंभर-पाचशेचा मुद्रांक आणायला लावतात. १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने अशा प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे. ती अधिसूचना छापून ओट्यावर चिकटव. माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा, दीडशे शब्दांत, दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटासह. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

पोटाचंही बघावं लागेल. सोसायट्या, बँका, वाटपाचे दावे यांची फी नीट घे, मागायला संकोच करू नको. मोफतची प्रकरणं एका वेळी आठ-दहाच्या वर नको. त्याहून जास्त घेतलीस की तारखा चुकतात, आणि गरिबाची चुकलेली तारीख परत येत नाही.

येत्या मंगळवारी मी पांढरकवड्याला येतो आहे. तोवर तुझ्या जवळच्या चार गावांचे गावनकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून काढून ठेव. पांदणी कुठे कुठे आहेत ते त्यांवर पेन्सिलने रंगवू, आणि पाऊस लागायच्या आत त्या चालून येऊ.

तुझा,
मित्र